राजाभाऊंचा ‘पाठलाग’

आमच्या हॉस्टेलवर रात्री जेवणं झाली की दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे मेसच्या भाजीचं पोस्टमॉर्टेम, आणि दुसरी म्हणजे कुणाच्या तरी लॅपटॉपवर सिनेमा. सबमिशन आठवड्यावर आलेलं असो की व्हायवा उद्यावर, सिनेमा चुकत नाही. त्यात थ्रिलर असला की एका कॉटवर सात-सात जण. कोरियन चालतं, स्पॅनिश चालतं, मल्याळम तर फारच चालतं. मराठीचं नाव काढलं की मात्र पोरं हसतात. मराठीत विनोदी बनतात, तमाशाचे बनतात, सासर-माहेरचे रडके बनतात; पण खून, कोर्ट, अंधार, गुपित असला मामला आपल्याकडे कुणी केलाच नाही, असं सगळ्यांचं ठाम मत. हे मत ऐकून ऐकून माझे कान किटले. म्हणून अंकासाठी काहीतरी लिही म्हणून सर मागे लागले, तेव्हा मी फारसा विचार न करता एक नाव सांगून टाकलं – राजा परांजपे.

सर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले की ते तर विनोदी सिनेमेवाले ना? तेच तर, सर! म्हणूनच लिहायचंय.

मी निफाडचा. निफाड म्हटलं की बाहेरच्यांना तीन गोष्टी आठवतात. द्राक्षं, डिसेंबरातली हाडं गोठवणारी थंडी (कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा दरवर्षी पेपरात येतो), आणि अभ्यासू माणूस असेल तर न्यायमूर्ती रानडे, कारण त्यांचा जन्म इथला, १८४२ सालचा. आमच्या घरात चौथी गोष्ट आहे, ती म्हणजे कोर्ट. माझे आजोबा कोर्टात कारकून होते. त्यामुळे कोर्टाचा कुठलाही सिनेमा आमच्याकडे नुसता बघता येत नाही, शेजारून चुका काढणं चालूच राहतं. राजाभाऊंचा ‘पाठलाग’ मी पहिल्यांदा पाहिला तो असाच, आजोबांच्या शेजारी बसून. पण त्याबद्दल पुढे. आधी माणूस.

राजा परांजपे यांचा जन्म २४ एप्रिल १९१० चा, मिरजेचा. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव. सतार-तंबोरे तिथले देशभर जातात. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई तिथे राहिले. अशा गावातल्या पोराच्या कानात सूर आपोआप जाणार. राजाभाऊ नाटकात कामं करायला लागले आणि त्याच वयात त्यांना मूकपटाच्या थिएटरात वाद्य वाजवण्याचं काम मिळालं.

हे काम काय असायचं ते आपल्या पिढीला सांगावं लागेल. मूकपटाला आवाज नाही. पडद्यावर माणसं ओठ हलवतायत, मारामाऱ्या करतायत, रडतायत, आणि थिएटरात ऐकू येतंय फक्त प्रोजेक्टरचं करकरणं. म्हणून पडद्याखाली दोन-चार वादक बसवायचे. तबला, पेटी, ऑर्गन, फिडल जे मिळेल ते. पडद्यावर घोडा पळाला की ठेका पळवायचा, आई गेली की सूर खाली आणायचा. लिहून दिलेलं संगीत बहुतेक वेळा नसायचंच. वादकानं मान वर करून चित्र बघायचं आणि त्याच क्षणी ठरवायचं की आता काय वाजवू. आणि पुन्हा पुढच्या खेळाला तेच, त्याच्या पुढच्या खेळाला तेच.

मला वाटतं, राजाभाऊंचं खरं इंजिनिअरिंग कॉलेज हेच. एकच सिनेमा आठवडाभर रोज बघायचा, आणि तोही लोकांच्या पुढे बसून. लोकांचा श्वास कुठे अडतो, कुठे खोकला सुरू होतो, कुठे पोरं रडायला लागतात आणि बायका उठून बाहेर जातात, हे पाठीला कळतं. सस्पेन्स म्हणजे काय, तर समोरच्याला किती वेळ थांबवून ठेवायचं याचा हिशेब. तो हिशेब त्यांच्या बोटांत होता. हे माझं मत, कुठल्या पुस्तकातलं नाही. पण ‘पाठलाग’ पाहिलात तर तुम्हालाही पटेल.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि पडद्याखालच्या वादकांची नोकरी गेली. नवीन टेक्नॉलॉजी आली की कुणाची तरी नोकरी जाते, हे काही आपल्या काळातच सुरू झालेलं नाही. राजाभाऊ मात्र पडद्याखालून उठून पडद्यावर आणि मग पडद्यामागे गेले. कोल्हापूर तेव्हा मराठी सिनेमाची राजधानी होती. भालजी पेंढारकरांच्या हाताखाली त्यांनी काम केलं. तीसच्या दशकाच्या मधल्या वर्षांत त्यांनी अभिनयाला सुरुवात केली आणि दिग्दर्शन मिळायला १९४८ उजाडलं. म्हणजे वयाची अडतिशी. त्या वर्षी जानेवारीत गांधीजींचा खून झाला, त्यानंतरच्या जाळपोळीत कोल्हापुरात भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मराठी सिनेमाचा तो सगळ्यात पडता काळ. पुण्यात प्रभातही उताराला लागली होती. अशा वेळी ‘जिवाचा सखा’ घेऊन राजाभाऊ आले.

त्यांच्या भोवती जमलेली माणसं बघा. लेखणी ग. दि. माडगूळकरांची, चाली सुधीर फडक्यांच्या. माडगूळकर आणि फडके दोघेही १९१९ चे, राजाभाऊंपेक्षा नऊ वर्षांनी लहान. पुढे १९५५-५६ मध्ये या दोघांनी पुणे आकाशवाणीवर गीतरामायण केलं, ते सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी आणि त्यानंतरही राजाभाऊंच्या सिनेमांत त्यांची जोडी घासून-पुसून लख्ख झाली होती हे फारसं कुणी सांगत नाही. १९५० चा ‘पुढचं पाऊल’ घ्या. हंसा वाडकर आणि पु. ल. देशपांडे! पुलं सिनेमात नट होते हे ऐकूनच आमच्या रूमवर दोघांनी तोंडात बोटं घातली.

मग १९५२ आलं, आणि एकाच वर्षात ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’. ‘लाखाची गोष्ट’मध्ये एका श्रीमंत बापाची अट असते की हे लाख रुपये घे आणि महिनाभरात खर्च करून दाखव. १९५२ साली लाख! खर्च करायला निघालेल्यांची जी फजिती होते ती बघून आजही हसू येतं. राजा गोसावी नावाचा नट या सिनेमानं स्टार झाला. असं सांगतात की त्या वेळी तो पुण्यातल्या थिएटरवर बुकिंग क्लार्क होता आणि स्वतः हिरो असलेल्या सिनेमाची तिकिटं त्यानं खिडकीवर बसून फाडली. ‘पेडगावचे शहाणे’मध्ये वेडा कोण आणि शहाणा कोण याचा घोळ आहे. मुख्य काम स्वतः राजाभाऊंचं. लगेच १९५३ मध्ये त्यांनीच तो हिंदीत ‘चाचा चौधरी’ नावानं केला. (कॉमिकवाला चाचा चौधरी वेगळा, तो नंतरचा.)

यानंतरच्या सिनेमांची यादी मी देत नाही. यादी वाचून कुणाचं भलं झालंय? पण दोन सांगतो. ‘ऊन पाऊस’, १९५४ चा. आयुष्यभर मास्तरकी केलेला म्हातारा आणि त्याची बायको, आणि म्हातारपणी मुलांनी आई-बापांची केलेली वाटणी. हसवणारा माणूस इथे इतकं रडवतो की पुन्हा बघायची हिंमत होत नाही. आणि दुसरा १९६० चा ‘जगाच्या पाठीवर’. कुठेच थारा न मिळालेला एक माणूस आणि एक आंधळी गाणारी मुलगी. मुलगी सीमा, माणूस राजाभाऊ. चॅप्लिनची आठवण येते, पण चॅप्लिनची नक्कल वाटत नाही. चेहरा साधा, शेजारच्या काकांसारखा. हिरो म्हणून कुणी निवडणार नाही असा चेहरा. आणि त्याचाच त्यांनी फायदा करून घेतला.

नवीन माणसं उभी करायची त्यांना सवयच होती. रमेश देव ‘आंधळा मागतो एक डोळा’मधून १९५६ मध्ये आले. सचिन पिळगावकर – हो, तेच – लहानपणी ‘हा माझा मार्ग एकला’मधून आले. त्या सिनेमाला १९६३ सालचं मराठीसाठीचं राष्ट्रपती रौप्यपदक मिळालं.

आता जरा थांबून हिशेब करू. वय त्रेपन्न-चौपन्न. विनोदी सिनेमा म्हटला की यांचं नाव. रडका सिनेमाही करून झालेला. पदक नुकतंच पदरात पडलेलं. अशा वेळी कुणीही काय केलं असतं? लाखाच्या गोष्टीचा दुसरा भाग काढला असता. आपल्याकडे सीनियर्सच्या फाईलवरून जर्नल उतरवतात तसं स्वतःच्याच जुन्या कामावरून उतरवायला काय जातं! राजाभाऊंनी १९६४ मध्ये ‘पाठलाग’ काढला.

‘पाठलाग’ जयंत देवकर यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आहे. रहस्यकथा वाचणारा मराठी वाचक तेव्हा प्रचंड होता. बाबुराव अर्नाळकरांनी एकट्यानं हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, त्या वाचनालयात फाटेपर्यंत फिरायच्या. म्हणजे गिऱ्हाईक होतं. पडद्यावर मात्र तो माल नीट कुणी मांडला नव्हता, कारण मराठी सिनेमाचा घरंदाजपणा! रहस्यकथा गादीखाली ठेवायची गोष्ट होती.

गोष्ट अशी. एका नामांकित वकिलाची बायको जाते. त्याचं तिच्यावर जिवापाड प्रेम. तो तिच्या आठवणींत बुडालेला असताना पोलीस एका बाईला पकडतात. गुन्हेगारांच्या टोळीतली बाई. दिसायला हुबेहूब त्याच्या बायकोसारखी. आणि ती म्हणते की मीच तुमची बायको. त्यानं तर स्वतः तिला अग्नी दिलेला! केस कोर्टात उभी राहते. नवराच तिला प्रश्न विचारतो, आणि ती उत्तरं देत जाते. नवरा-बायकोशिवाय कुणालाही ठाऊक नसणार अशा गोष्टी. तो दर उत्तराला थोडा थोडा खचत जातो आणि बघणारे आपणही.

पुढचं सांगणार नाही. सांगितलं तर रूम पार्टनर माझी बादली लपवतील.

वकिलाचं काम डॉ. काशिनाथ घाणेकरांचं, बाईचं काम भावना यांचं. घाणेकर व्यवसायानं दातांचे डॉक्टर. १९६२ मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकातल्या संभाजीनं त्यांना डोक्यावर घेतलं होतं. ते नाटक वसंत कानेटकरांचं, आणि कानेटकर म्हणजे आपल्या नाशिकचे, एच.पी.टी. कॉलेजात प्राध्यापक. (निफाडकराला एवढा अभिमान माफ असावा.) रंगमंचावर आवाजानं छप्पर उडवणाऱ्या या नटाला राजाभाऊंनी इथे गप्प बसवलंय. तो ऐकतो, बघतो, वळतो. टाळ्यांची वाक्यं फेकणाऱ्या नटाकडून शांतपणा काढून घेणं हे सोपं काम नाही.

आता आपल्या आवडीचा, म्हणजे टेक्निकल भाग. जगात याच सुमारास एक सिनेमाप्रकार नावारूपाला येऊन संपतही आला होता. १९४६ मध्ये फ्रान्समधल्या समीक्षकांनी त्याला फिल्म न्वार म्हटलं, म्हणजे काळा सिनेमा. हॉलिवूडचे चाळीसच्या दशकातले गुन्हेगारीपट. ‘द माल्टीज फाल्कन’ १९४१ चा, ‘डबल इन्डेम्निटी’ १९४४ चा, आणि त्याच वर्षीचा ‘लॉरा’. ‘लॉरा’त एक डिटेक्टिव्ह मेलेल्या बाईच्या चित्राच्या प्रेमात पडतो आणि एके रात्री ती बाई दारातून आत येते. ‘पाठलाग’शी नातं कुठे आहे ते लक्षात आलं असेल. मी उचलेगिरी म्हणत नाहीये. मेलेलं माणूस परत आलं तर काय, ही माणसाची फार जुनी भीती आहे आणि फार जुनी इच्छाही.

या सिनेमांचा अंधार कलेतून आला तसाच काटकसरीतूनही आला. युद्धामुळे अमेरिकेत १९४२ साली सेटसाठीच्या नव्या सामानावर सिनेमामागे ५००० डॉलरची मर्यादा घातली गेली. मग काय करायचं? दिवे कमी लावायचे. जे दिसत नाही ते बांधावं लागत नाही! एक मुख्य दिवा बाजूनं मारायचा, सावली भरून काढणारा दुसरा दिवा अगदी मंद ठेवायचा किंवा बंदच. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. खिडकीच्या पट्ट्यांची सावली भिंतीवर पाडली की खोली आपोआप तुरुंग होते. रंगीत फिल्ममध्ये हे जमवणं अवघड, कारण तेव्हाची रंगीत फिल्म उजेडाला फार हावरट होती. दिवे कमी केले की सगळा गाळ. काळी-पांढरी फिल्म कमी उजेडात काम करायची आणि काळा रंग खरोखर काळा यायचा.

मराठी निर्मात्याला तर काटकसर शिकवायलाच नको. रंगीत फिल्म परदेशातून यायची, महाग पडायची आणि परकीय चलनाची चणचण. मुंबईचे मोठे हिंदी निर्माते रंगाकडे वळत होते, मराठीला ते परवडत नव्हतं. म्हणून माझं म्हणणं असं की ‘पाठलाग’ काळा-पांढरा होता ते गरिबीनं, पण त्या गोष्टीला तोच योग्य होता. दोन चेहरे सारखे आहेत की नाहीत, हा ज्या सिनेमाचा प्रश्न आहे, त्यात रंग जितके कमी तितकी शंका जास्त. साडीच्या रंगावरून ओळखता येत नाही, कातडीच्या रंगावरून ओळखता येत नाही. उरतात डोळे.

दुहेरी भूमिकेच्या युक्तीबद्दलही ज्युनियर्स विचारतात. कॉम्प्युटर नव्हता तेव्हा कसं करायचे? कॅमेरा जमिनीला खिळल्यासारखा पक्का करायचा, लेन्सचा अर्धा भाग झाकायचा, अर्ध्या फ्रेमवर शूट करायचं. मग फिल्म तेवढीच मागे फिरवून दुसरा अर्धा भाग उघडायचा, पहिला झाकायचा, नटीनं कपडे बदलून पुन्हा यायचं. कॅमेरा तसूभर जरी हलला तर मधली रेघ दिसणार आणि दिवसाची मेहनत वाया. चूक झाली की ‘अनडू’ नाही. किंवा मग सोपा मार्ग – दुसऱ्या बाईला पाठमोरी बसवायची.

आता आजोबा. त्यांनी ‘पाठलाग’ एकोणिसाव्या वर्षी पाहिला होता. मित्राबरोबर निफाडहून पॅसेंजरनं नाशिकरोड, मध्ये कसबे सुकेणे, खेरवाडी, ओढा. शेवटचा खेळ. परतीच्या गाडीनं उतरले तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. मित्र स्टेशनजवळच राहायचा. आजोबा एकटे निघाले. दुतर्फा ऊस, रस्त्याला दिवा नाही. मागे पावलं वाजली. हे थांबले की पावलं थांबायची, चालले की चालायची. शेवटी त्यांनी चपला हातात घेतल्या आणि धूम ठोकली. घरी पोचल्यावर कळलं की चपलेचं तळ फाटून फटफट वाजत होतं. हा किस्सा आमच्याकडे दर दिवाळीला होतो.

पण मी त्यांच्याबरोबर सिनेमा बघितला तेव्हा ते ऐंशीला टेकलेले. आता भीती वगैरे नाही, फक्त कारकुनी. कोर्टाचा सीन आला आणि त्यांनी रिमोट मागून थांबवला. म्हणाले की जो स्वतः साक्षीदार ठरू शकतो त्या वकिलानं त्याच प्रकरणात उभं राहू नये, साधा नियम आहे. ही नवऱ्याची बाब, हा कसा प्रश्न विचारतो? न्यायाधीश झोपलेत का? मी म्हटलं, आजोबा, सिनेमा आहे. त्यावर ते म्हणाले की सिनेमा आहे म्हणूनच. खरा वकील बाजूला बसला असता तर गोष्ट दहा मिनिटांत संपली असती.

मला हे फार आवडलं. तांत्रिकदृष्ट्या ती चूक आहे आणि सगळा सिनेमा त्या चुकीवर उभा आहे. कागद एक सांगतो, मन दुसरं सांगतं, आणि दोन्ही एकाच माणसाच्या खिशात आहेत. त्यानं अग्नी दिलाय, पुरावा त्याच्या बाजूचा. पण समोरची बाई त्याच्याकडे बघते तशी फक्त एकच बाई बघायची. आता यात खरं काय धरायचं? रीडिंग घेताना सगळी मीटर बरोबर आहेत आणि तरी मोटर गरम होतेय, तेव्हा सर म्हणतात ना, की हात लावून बघा! वकिलाला हात लावायची हिंमत होत नाही. शंकेच्या भीतीनं तो पुराव्याला धरून बसतो. समोरचं माणूस खोटं असेल याच्या भीतीपेक्षा ते खरं असेल याची भीती मोठी. कारण ते खरं असेल तर आपण जे जाळलं ते काय होतं?

माझा एक मित्र म्हणाला की यात काय एवढं, आजच्या काळात डीएनए केली की केस खलास. मी फक्त हसलो. ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांना मी का हसलो ते कळेल.

गाणी माडगूळकरांची, संगीत दत्ता डावजेकरांचं, आवाज आशा भोसले. आशाबाईंचं डोळ्यांवरचं त्यातलं गाणं आजही रेडिओवर लागतं, आणि ऐकणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ते एका गुन्हेगारीपटातलं आहे हे माहीत नसतं. प्रेमगीत म्हणून लोक ऐकतात. सिनेमा बघून मग ऐका, अंगावर काटा येईल.

‘पाठलाग’ला १९६४ सालचं मराठीचं राष्ट्रपती रौप्यपदक मिळालं. सलग दुसरं. मग दक्षिणेतून मागणी आली; १९६५ मध्ये तमिळमध्ये ‘इदय कमलम’ झाला, के. आर. विजया यांची भूमिका. आणि १९६६ मध्ये हिंदीत ‘मेरा साया’. आता सगळ्यांच्या माना हलल्या असतील. साधना, सुनील दत्त, बरेलीच्या बाजारातलं ते झुमक्याचं गाणं! तेही आशाबाईंचंच. दिग्दर्शक राज खोसला. हा माणूस गुरुदत्तच्या हाताखाली तयार झालेला, ‘सी.आय.डी.’ त्याचा, १९६४ चा ‘वह कौन थी’ही त्याचाच. अंधाराची त्याला चांगली जाण. त्यानं बरोब्बर हेरलं की मराठीतली ही गोष्ट सोनं आहे.

‘मेरा साया’ वाईट नाही. मदनमोहनचं संगीत तर अप्रतिम. पण तो रंगीत आहे, उदयपूरचं तळं आहे, महाल आहेत. डोळे निवतात. भीती मात्र पातळ होते. ‘पाठलाग’मध्ये डोळे निववायला काहीच नाही, एक चेहरा आणि त्याच्या मागचा काळोख. दोन्ही लागोपाठ दोन रात्री बघा आणि मग माझ्याशी भांडायला या, रूम नंबर सगळ्यांना माहीत आहे.

गंमत बघा. सायाच जास्त प्रसिद्ध झाला. मूळ माणूस बाजूला राहिला आणि सावली देशभर फिरली. कोर्टात उभी राहून मीच ती म्हणणारी बाई आणि ‘पाठलाग’ची रीळं यांची अवस्था एकच. टीव्हीवर ‘मेरा साया’ लागला की घरातलं कुणीतरी म्हणतं की काय सुचायचं हो या हिंदीवाल्यांना! माझे आजोबा अशा वेळी काही बोलत नाहीत, नुसतं चष्मा पुसतात.

राजाभाऊ पुढेही थांबले नाहीत. १९६५ मध्ये ‘पडछाया’ केला, पुन्हा सावलीच. १९६६ मध्ये परत विनोदाकडे, ‘गुरुकिल्ली’. पण साठच्या दशकाच्या शेवटी मराठी सिनेमाची हवा पालटली. १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ आला, दादा कोंडके आले, पांढरपेशा घरातला तो हलका विनोद मागे पडला. १९७२ मध्ये शांतारामबापूंचा रंगीत ‘पिंजरा’ आला. राजाभाऊ साठी ओलांडलेले. त्यांच्या पद्धतीचं सिनेमाचं कुटुंब, म्हणजे तोच लेखक, तोच संगीतकार, तेच चार नट, एकमेकांच्या घरी जेवून गोष्ट रचणारे, ते पांगलं होतं.

१४ डिसेंबर १९७७ ला माडगूळकर गेले. ९ फेब्रुवारी १९७९ ला राजाभाऊ गेले, एकोणसत्तरीला काही आठवडे कमी असताना. १९८६ मध्ये घाणेकर गेले. त्यांच्यावर २०१८ मध्ये सिनेमा निघाला तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. फडके २००२ पर्यंत होते.

पुण्यात राजाभाऊंच्या नावानं एक प्रतिष्ठान आहे, त्यांच्या सिनेमांचे महोत्सवही झालेत. आमच्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये मी गेल्या महिन्यात ‘पाठलाग’ लावला. सुरुवातीला चौदा जण होते. प्रिंट जुनी, आवाज खरखरीत, पहिल्या वीस मिनिटांत पाच जण उठून गेले. कोर्टाचा भाग सुरू झाला तेव्हा दारात उभं राहून बघणारेच सात-आठ झाले होते. वॉर्डन सर दहाला दिवे बंद करायला आले, ते साडेअकरापर्यंत खुर्चीवरून उठले नाहीत.